गळतीच्या विजेवर चाललेली चिप

२६ एप्रिल १९८५. इंग्लंडमधल्या केंब्रिज गावात, एकॉर्न कॉम्प्युटर्स नावाच्या कंपनीत कॅलिफोर्नियाहून काही चिप येऊन पोहोचल्या. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोन तरुण अभियंत्यांनी आखलेला हा पहिलावहिला प्रोसेसर, नाव आर्म. त्याआधी दोघांपैकी कुणीही प्रोसेसर केलेला नव्हता. पहिल्या खेपेची चिप सहसा चालत नाही. कुठेतरी चूक निघते, नकाशा दुरुस्त करून पुन्हा कारखान्यात धाडावा लागतो आणि महिने जातात. ही मात्र त्याच दिवशी दुपारी चालली. शॅम्पेनची बाटली फुटली.

पुढे फर्बरनं ती किती वीज खाते ते मोजायला घेतलं. विजेच्या वाटेत अ‍ॅमीटर घातला, तर आकडा शून्य. मीटर बिघडला म्हणावं, तर चिप समोर निमूट काम करत होती. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. चाचणीच्या बोर्डातच दोष होता, चिपला वीज पुरवणारी जोडणी मुळात झालेलीच नव्हती. आजूबाजूच्या चिपांकडून संदेश घेऊन येणाऱ्या तारांतून जी चिमूटभर वीज आत झिरपत होती, तेवढ्या गळतीवर अख्खा प्रोसेसर चालला होता. शेजाऱ्याच्या दिव्याच्या उजेडात अभ्यास करावा तसा.

गंमत अशी, की वीज वाचवणं हा या दोघांचा हेतूच नव्हता. त्या काळी संगणक भिंतीतल्या सॉकेटला जोडलेला असे, खिशात कोण घालणार होतं? त्यांना वाचवायचे होते ते पैसे. चिप एका वॉटपेक्षा जास्त तापली तर तिला महागडं सिरॅमिकचं आवरण घालावं लागतं. एका वॉटच्या आत राहिली तर स्वस्त प्लॅस्टिकवर भागतं. त्यांच्याकडची हिशेबाची साधनं कच्ची होती, म्हणून प्रत्येक ठिकाणी हात राखून आकडे धरले. शेवटी मोजलं तेव्हा चिप एक वॉट सोडाच, त्याच्या दहाव्या हिश्श्यावर भागवत होती.

इंटेल आणि आर्म या प्रोसेसरच्या दोन घराण्यांची लढाई सांगताना ‘चांगलं ते जिंकलं’ असं सांगायची एक पद्धत आहे. मला ती पटत नाही. या लढाईतले बहुतेक निकाल लागले ते प्लॅस्टिकच्या आवरणासारख्या कारणांनी.

आता घराणं म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रत्येक प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची एक ठरलेली यादी असते. या दोन संख्यांची बेरीज कर, ही संख्या तिकडे ठेव, उत्तर शून्य आलं तर अमुक ठिकाणी उडी मार. प्रोग्राम कोणत्याही भाषेत लिहा, शेवटी तो याच आज्ञांत उतरतो. यादी बदलली की आधीचे सगळे प्रोग्राम मुके. आपल्याकडे मोडी व्यवहारातून गेली, पण जुनी खतं आणि दप्तरं मोडीत आहेत म्हणून मोडी वाचणारा माणूस आजही शोधावा लागतो. लिपी सोपी की अवघड, हा प्रश्न तिथे येतच नाही. खत तिच्यात आहे, विषय संपला. इंटेलच्या घराण्याची सत्ता याच न्यायानं उभी राहिली.

आणि या घराण्याचा मूळ पुरुष वेळ मारून नेण्यासाठी जन्माला आला होता. जून १९७८ मध्ये इंटेलनं ८०८६ बाजारात आणला तेव्हा कंपनीची खरी महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच प्रोसेसरवर होती, पुढे ४३२ या नावानं आलेल्या. तो लांबत चालला होता, म्हणून मधल्या काळाची सोय म्हणून स्टीफन मोर्सनं ८०८६चा आज्ञासंच आखला. मागच्या ८०८०साठी लिहिलेले प्रोग्राम थोडक्या बदलानं त्यावर आणता यावेत, अशी अट होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून अंगावर जुनी खतं. ४३२ यथावकाश १९८१ साली आला आणि आपटला. तात्पुरता आलेला पाहुणा घरजावई झाला.

त्याला घरजावई केलं आयबीएमनं. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे आयबीएमची एक लहान तुकडी घाईघाईनं वैयक्तिक संगणक बनवत होती. मोटोरोलाचा ६८००० तेव्हा उपलब्ध होता आणि बऱ्याच अभियंत्यांच्या मते तो अधिक नेटका होता. पुढे अ‍ॅपलनं १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी तोच घेतला. आयबीएमनं मात्र ८०८६चा धाकटा भाऊ ८०८८ उचलला, कारण त्याच्याभोवती आठ-बिटांचे स्वस्त सुटे भाग चालत. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी आला. मग त्याच्या नकला आल्या, नकलांसाठी प्रोग्राम आले, आणि जगाची खतं ८०८६च्या मोडीत लिहिली जाऊ लागली.

त्याच वर्षी केंब्रिजमध्ये एकॉर्नला बीबीसीचं काम मिळालं. संगणक शिकवणाऱ्या मालिकेसाठी बीबीसीला स्वतःच्या नावाचं यंत्र हवं होतं. एकॉर्नचा एक संस्थापक हर्मन हाउसर मूळचा ऑस्ट्रियन, बोलण्यात पटाईत. आठवड्याभरात नमुना तयार होईल का, असं त्यानं विल्सन आणि फर्बरला वेगवेगळं गाठून विचारलं आणि प्रत्येकाला सांगितलं, की दुसरा तर ‘हो’ म्हणालाय. नमुना झाला. बीबीसी मायक्रोची विक्री पुढे दहा लाखांवर गेली. ब्रिटनमधली एक अख्खी पिढी त्याच यंत्रावर शाळेत प्रोग्राम लिहायला शिकली.

त्या यंत्रात होता ६५०२, स्वस्त आणि चपळ, पण आठ-बिटांचा. पुढच्या यंत्रासाठी मोठा प्रोसेसर हवा होता. विल्सन आणि फर्बरनी बाजारातले सोळा आणि बत्तीस-बिटांचे प्रोसेसर आणून तपासले, आणि निराश झाले. हे अवजड गडी मेमरीला पुरतं राबवतच नव्हते. नॅशनल सेमीकंडक्टरच्या प्रोसेसरमध्ये भागाकाराची एक आज्ञा अशी होती, की ती सुरू झाली की घड्याळाचे शेकडो ठोके पडेपर्यंत त्याला दुसरं काही ऐकूच येत नसे. तेवढ्यात त्यांच्या हाती कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचे निबंध पडले. तिथे डेव्हिड पॅटरसन आणि त्याचे विद्यार्थी उलटा विचार करत होते. ‘पुरणपोळी कर’ अशी एक भारदस्त आज्ञा देण्याऐवजी डाळ निथळ, गूळ घाल, आटव, वाट अशा बारक्या, एकसारख्या आज्ञा ठेवा. प्रत्येक आज्ञा साधारण एका ठोक्यात उरकू द्या. आयबीएममध्ये जॉन कॉक हेच आधीपासून सांगत होता. या रीतीला नाव पडलं रिस्क. मराठीत ते ‘जोखीम’ असं ऐकू येतं, आणि एकॉर्नच्या बाबतीत तो अर्थही चुकीचा नव्हता.

तरीही प्रोसेसर बनवणं हे शेकडो माणसांचं आणि काचेच्या मोठमोठ्या इमारतींचं काम, अशी दोघांची समजूत होती. ऑक्टोबर १९८३ मध्ये ते अ‍ॅरिझोनात वेस्टर्न डिझाइन सेंटर बघायला गेले. ६५०२च्या जनकांपैकी एक, बिल मेन्श, तिथे त्याची पुढची आवृत्ती करत होता. पत्त्यावर पोहोचले तर उपनगरातला एक बंगला, आणि आत कॉलेजची पोरं चक्क अ‍ॅपल-२ यंत्रांवर चिपचे तुकडे आखत बसलेली. परतताना दोघांच्या मनात एकच विचार होता: यांना जमतं, तर आपल्याला का नाही?

विल्सननं आज्ञासंच आखला, तोही बराचसा डोक्यातल्या डोक्यात. फर्बरनं चिपची अंतर्रचना केली. संपूर्ण प्रोसेसरची नक्कल त्यांनी बीबीसी मायक्रोवर, बेसिक भाषेत, ८०८ ओळींत लिहिली आणि बारकाईनं तपासली. हाउसर नंतर सांगत असे, की इंटेल किंवा मोटोरोला आपल्या अभियंत्यांना देऊ शकले नाहीत अशा दोन गोष्टी मी या दोघांना दिल्या: एक म्हणजे पैसा नाही, आणि दुसरी, माणसं नाहीत. यात थट्टा आहे तेवढंच तथ्य आहे. माणसं नसल्यामुळे रचना साधी ठेवणं भागच होतं. चिपवर अवघे २५,००० च्या आसपास ट्रान्झिस्टर होते, सात वर्षं जुन्या ८०८६पेक्षाही कमी, आणि तरी ती बत्तीस-बिटांची. १९८५ च्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलनं ८०३८६ आणला. त्यात ट्रान्झिस्टर होते २,७५,०००.

फर्बरनं एका पत्रकाराला फोन करून सांगितलं, आम्ही प्रोसेसर बनवलाय आणि तो चालतोय. पत्रकारानं विश्वास न ठेवता फोन ठेवून दिला.

विश्वास ठेवण्यासारखी कंपनीची परिस्थितीही नव्हती. घरगुती संगणकांचा बाजार कोसळला होता, गोदामात माल पडून होता, आणि चिप हाती येण्याच्या दोनच महिने आधी इटलीच्या ऑलिव्हेटीनं एकॉर्नचा निम्म्याजवळ हिस्सा घेऊन तिला तगवलं होतं. १९८७ मध्ये या प्रोसेसरच्या पुढच्या आवृत्तीवर आर्किमिडीज नावाचा संगणक आला. वेगवान, देखणा, ब्रिटिश शाळांचा लाडका. पण कचेऱ्यांमधली खतं मोडीत होती. आर्किमिडीजला ती वाचता येत नव्हती.

इथे थोडी वाट वाकडी करून पुण्याला जायला हवं. त्याच सुमारास ब्रिस्टलमध्ये इनमॉस नावाची दुसरी ब्रिटिश कंपनी होती, सरकारी पैशावर उभी राहिलेली. तिचा ट्रान्सप्युटर हा प्रोसेसर कल्पनेनं आर्मच्या पुढे होता: अनेक प्रोसेसर एकमेकांना सरळ जोडून एक मोठा संगणक उभा करायचा. अमेरिकेनं महासंगणक देण्यात खोडा घातल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, तो या ट्रान्सप्युटरवरच. म्हणजे त्या दशकातल्या ब्रिटिश प्रोसेसरचा एक मोठा पराक्रम गणेशखिंडीच्या परिसरात घडला. ट्रान्सप्युटरचं घराणं मात्र पुढे टिकलं नाही. सरकारचा पैसा मिळालेलं घराणं बुडालं आणि कफल्लक घराणं तरलं, यातून कुणी सरसकट नियम काढू नये. पण नोंद घ्यावी.

आर्मला तारलं ते अ‍ॅपलनं, तेही एका फसलेल्या यंत्रापायी. हातात मावेल अशा न्यूटन या यंत्रावर अ‍ॅपलचं काम चालू होतं. त्यासाठी आधी एटी अँड टीचा हॉबिट प्रोसेसर घेतला होता, तो जमेना. अ‍ॅपलच्या लॅरी टेस्लरची नजर आर्मवर गेली. कारण? बॅटरी. पाच वर्षांपूर्वीची प्लॅस्टिकची काटकसर इथे पहिल्यांदा कामी आली. पण प्रतिस्पर्धी कंपनीचा प्रोसेसर वापरायचा कसा, म्हणून आर्म एकॉर्नपासून वेगळी काढली. २७ नोव्हेंबर १९९० रोजी नवी कंपनी नोंदवली गेली. अ‍ॅपलनं १५ लाख पौंड घातले, चिप बनवणाऱ्या व्हीएलएसआयनंही थोडे पैसे घातले, एकॉर्ननं १२ अभियंते दिले. केंब्रिजजवळच्या स्वॉफम बुलबेक या खेड्यातल्या एका जुन्या कोठारात कचेरी थाटली.

मुख्याधिकारी रॉबिन सॅक्सबी यानं एक गोष्ट लवकर ओळखली: बारा माणसांची कंपनी चिप बनवून विकू शकत नाही. मग आर्मनं ऊस लावलाच नाही, बेणं विकलं. प्रोसेसरचा आराखडा कुणालाही घेऊ द्यायचा, आधी परवान्याची रक्कम, मग तयार होणाऱ्या प्रत्येक चिपमागे थोडेसे पैसे. न्यूटन १९९३ मध्ये आला, त्याच्या हस्ताक्षर-वाचनाची टिंगल झाली आणि तो पडला. आर्म पडली नाही, कारण तोवर बेणं इतरांच्या शेतात पोहोचलं होतं.

त्यातलं एक शेत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचं, आणि तिचं गिऱ्हाईक नोकिया. मोबाइलमध्ये मेमरी महाग, आणि आर्मच्या बत्तीस-बिटी आज्ञा फार जागा खातात, ही खरी अडचण होती. आर्मच्या अभियंत्यांनी नेहमी लागणाऱ्या आज्ञांची सोळा-बिटांतली आखूड रूपं काढली. नाव ठेवलं थंब. हाताला अंगठा फुटला! १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नोकिया ६११०मध्ये हाच अंगठेवाला आर्म होता. साप पहिल्यांदा वळवळला तो याच फोनवर. आपल्यापैकी ज्यांनी बसथांब्यावर नोकियावर तो साप खेळवला, त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल की आत एका इंग्लिश कोठारातली कल्पना चालत होती.

या सगळ्या काळात इंटेल झोपली होती, असं मात्र नाही. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्या विकासात अग्रभागी होते, तो पेंटियम १९९३ मध्ये आला, ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा. १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये इंटेलनं एक अवघड चाल खेळली. बाहेरून मोडीच येऊ द्यायची, पण आत शिरताच तिचे बारीक, एकसारखे तुकडे करायचे आणि तेच राबवायचे. म्हणजे दारावर मोडीची पाटी, माजघरात रिस्क. आज्ञासंच कोणाचा चांगला हा पंडिती वाद त्या दिवशी जवळजवळ संपला, असं माझं मत आहे. उलट इंटेलनं स्वतः मोडी टाकून द्यायचा घाट घातला तेव्हाच तिला फटका बसला. एचपीबरोबर आखलेला इटॅनियम २००१ मध्ये आला, नव्या आज्ञासंचाचा, आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. २००३ मध्ये एएमडीनं जुन्याच मोडीला चौसष्ट-बिटांची जोड दिली. पुढच्याच वर्षी इंटेलला एएमडीची ती वाट मुकाट्यानं धरावी लागली.

आता या कथेतला सर्वांत विलक्षण भाग. अमेरिकेतल्या डीईसी कंपनीनं आर्मचा परवाना घेतला, आणि डॅन डॉबरपूल याच्या चमूनं १९९६ मध्ये स्ट्राँगआर्म बनवला. वीज एका वॉटच्या आत, वेग त्या काळच्या टेबलावरच्या संगणकांना शोभेल असा. पुढच्या वर्षी डीईसीनं इंटेलवर पेटंटचा खटला भरला. तडजोड झाली, आणि त्या तडजोडीत डीईसीचा चिप कारखाना सुमारे ७० कोटी डॉलरना इंटेलकडे गेला. सोबत स्ट्राँगआर्मही. म्हणजे जगातला बहुधा सर्वोत्तम आर्म प्रोसेसर इंटेलच्या घरात चालत आला, कोर्टाच्या निमित्तानं का होईना. इंटेलनं त्याची पुढची पिढी एक्सस्केल या नावानं काढली. ती हातात मावणाऱ्या कितीतरी यंत्रांत गेली.

पण घरात सवतीचं मूल कसं वाढतं, हे सांगायला नको. एका मोबाइल चिपमध्ये सुटणारा पैसा पेंटियमच्या नफ्यापुढे चिल्लर होता. जून २००६ मध्ये इंटेलनं एक्सस्केलचा तो धंदा मार्व्हेल कंपनीला ६० कोटी डॉलरना विकला. सात महिन्यांनी स्टीव्ह जॉब्जनं सॅन फ्रान्सिस्कोत मंचावर आयफोन दाखवला. आत सॅमसंगनं बनवलेला आर्म.

आयफोनचं काम आधी इंटेलला देऊ केलं होतं. मुख्याधिकारी पॉल ओटेलिनीनं २०१३ मध्ये पायउतार होताना मुलाखतीत ते स्वतः कबूल केलं: अ‍ॅपल जी किंमत देणार होती ती आमच्या अंदाजी खर्चाच्याही खाली होती, म्हणून नाही म्हटलं; पुढे तो खर्चाचा अंदाज चुकीचा ठरला, आणि फोनचा खप कुणाच्याही कल्पनेच्या शंभरपट झाला. ओटेलिनीला नावं ठेवणं सोपं आहे. त्या दिवशी हिशेबाची ती वही समोर असती तर आपणही तेच उत्तर दिलं असतं. चूक एका माणसाची नव्हती. पेंटियमच्या नफ्याला सरावलेल्या वहीत चिल्लरसाठी रकानाच नव्हता.

नंतर इंटेलनं जोर लावला. अ‍ॅटम हा कमी विजेचा प्रोसेसर काढला, फोन बनवणाऱ्यांना पदरचे पैसे देऊन तो घ्यायला लावला. २०१४ या एका वर्षात मोबाइलच्या विभागाला चार अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि २०१६ मध्ये फोनच्या चिपांचा नाद कंपनीनं सोडला. कारण ओळखीचंच होतं. फोनवरचे प्रोग्राम एव्हाना आर्मच्या आज्ञांत लिहिलेले होते. मोबाइलच्या दुनियेत आर्म हीच मोडी झाली होती.

इकडे स्ट्राँगआर्मवाल्या डॉबरपूलनं स्वतःची पी. ए. सेमी ही कंपनी काढली होती. २००८ मध्ये अ‍ॅपलनं ती २७.८ कोटी डॉलरना विकत घेतली. दोनच वर्षांत अ‍ॅपलच्या यंत्रांत अ‍ॅपलनं आखलेले आर्म प्रोसेसर येऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ या चिपनं मॅकमधून इंटेलला बाहेर काढायला सुरुवात केली. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून सोबत रोझेटा नावाचा दुभाष्या दिला; इंटेलची मोडी वाचून आर्मच्या बाळबोधात उतरवणारा. या चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नव्हता. मी ज्या संगणकावर हा लेख लिहितोय तो जुना, इंटेलचा. दुपारी तापला की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घुमतो.

कचेऱ्यांतल्या, बँकांतल्या बहुसंख्य संगणकांवर ८०८६च्या वंशजांचाच अंमल अजून चालू आहे, आणि तो इतक्यात उठेल असं मला वाटत नाही. खतं फार आहेत.

इंटेलनं मात्र १२ एप्रिल २०२३ रोजी आर्मबरोबर एक करार जाहीर केला. मोबाइलसाठी आर्मच्या आराखड्यावरून चिप आखणाऱ्या कोणत्याही कंपनीला त्या आता इंटेलच्या कारखान्यात बनवून घेता येतील.